सोहळ्यापुरती अंगठी

धर्मगुरूंनी अंगठी खिडकीतल्या उजेडात धरून फिरवली. खडा नाही, नक्षी नाही. ज्यू लग्नात अशीच साधी, सलग अंगठी लागते. किमतीचा अंदाज पाहताक्षणी यावा, नवरीची फसगत होऊ नये. कालची खड्याची त्यांनी परत पाठवली होती.

"ही बरोबर. तुझीच ना?"

नवरदेवाने आईकडे पाहिलं. "आईची. सोहळ्यापुरती घेतलीय."

"उसनी चालत नाही. जे तुझं नाही, ते तिला देणार कसं?"

बाहेर वाद्यं सुरू झाली होती. दीडशे माणसं दाराकडे डोळे लावून बसली होती. आईशेजारी उभ्या मामाचा पाय जागच्या जागी ताल धरत होता.

"ताई, दिली म्हण आणि मोकळी हो. संध्याकाळी घे काढून."

"परत घ्यायच्या बोलीवर दिलेलं ते देणं नव्हे," धर्मगुरू म्हणाले.

आईच्या अंगठ्याने सवयीने बोट चाचपलं. तिथे फक्त फिकट वळ होता. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली, पण शिलाई मशीनवर बसतानाही अंगठी उतरली नव्हती.

"आई, राहू दे. बाहेर कुणाची तरी विकत मागतो."

"आलेल्या पाहुण्यांच्या बोटांतलं काढणार? शोभतं का?"

तिने अंगठी घेऊन लेकाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हाताने मिटली.

"घे. कायमची. कसलीही बोली नाही."

"ऐकलंत?" धर्मगुरूंनी नात्याबाहेरच्या दोघा साक्षीदारांना विचारलं. दोघांनी माना डोलावल्या.

मग सगळं भराभर झालं. लग्नासाठी ताणलेल्या कापडी छताखाली नवरीने उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. "या अंगठीने तू माझी झालीस," लेक म्हणाला, रिवाजाप्रमाणे त्याच्या पायाखाली पेला फुटला आणि दालनात एकच जल्लोष उसळला. त्या रेटारेटीतून वाट काढत नवरी सासूपर्यंत पोचली. तिचा श्वास फुलला होता.

"आई, ही तुमची ना? यांनी सांगितलं होतं मला. घ्या."

"माझी कुठली? मी त्याला दिली, त्याने तुला."

सासूने अंगठी तर्जनीतून काढून सुनेच्या अनामिकेत सरकवली. ती तिथे गरगर फिरली.

"सैल होतेय हो."

"मलाही व्हायची. आतून दोरा गुंडाळ," सासू म्हणाली. "पहिली दोन-तीन वर्षंच."