पत्नीची संमती

माणूस स्वतःविषयी जे लिहून देतो, त्यावर परीक्षितचा काडीचाही विश्वास नव्हता. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात संख्याशास्त्रातल्या पीएचडीचं हे त्याचं शेवटचं वर्ष. जूनपासून फ्रिस्को शहरातल्या एका कंपनीची नोकरी समोर होती, आणि होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. त्याची बायको उत्तरा मात्र अधूनमधून नागपूरला परतण्याची भाषा करी. परतण्याची भाषा कोण करत नाही, असं म्हणून तो ती कानाआड टाकी.

त्या हिवाळ्यात, म्हणजे २००६च्या फेब्रुवारीत, इतिहास विभागातल्या एका प्राध्यापक बाईंचं काम त्याच्याकडे होतं. नऊशे वर्षांपूर्वी जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला निघालेल्या फ्रेंच सरदारांनी जाण्यापूर्वी जमिनी मठांना विकल्या, नाहीतर गहाण टाकल्या. तशा चारशे बारा दस्तांची भाषांतरं वाचून ‘का गेला?’ या रकान्यात आकडा भरायचा. श्रद्धेला एक, लाभाला दोन, धन्याच्या हुकमाला तीन, भाऊबंद निघाले म्हणून निघाला तर चार, आणि कळत नसेल तर नऊ.

पहिल्या शंभरांत परीक्षितने सत्त्याण्णव ठिकाणी नऊ भरले.

“प्रत्येक दस्तात ‘माझ्या पापांच्या क्षालनासाठी’ असं स्वच्छ लिहिलंय की,” बाई म्हणाल्या.

“लिहिणारा मठातला भिक्षू, जमीन घेणाराही मठच. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या खिडकीशी प्रत्येक जण ‘शिकून परत जाणार’ असं सांगतो. मीही सांगितलं. त्यावरून माझ्या नावापुढे ‘परतण्याची इच्छा’ असं लिहाल का?”

बाई मनापासून हसल्या. “मग काय म्हणाले ते सोड. काय सोडून गेले ते बघ.”

परीक्षितने तसं बघितलं आणि तो अस्वस्थ झाला. हे लोक लुटीच्या आशेने गेले असणार, अशी त्याची पक्की शंका होती. पण बहुतेकांनी चांगल्या चालत्या जमिनी, द्राक्षमळे, गिरण्या हातच्या घालवल्या होत्या. निम्म्याहून अधिक दस्तांत सोबत निघालेला भाऊ, काका किंवा शेजारी सापडत होता. अर्थात, जे गेलेच नाहीत त्यांनी दस्तही केले नव्हते. त्यामुळे निष्कर्ष काढायला तो कचरत होता.

शेवटचा रकाना ‘पत्नीची संमती’ असा होता. मागे राहिलेल्या बायकोने पुढे जमिनीवर हक्क सांगू नये, म्हणून तिचा होकार दस्तात नोंदवत. एका दस्तात तर होकाराबद्दल बाईला गाय दिल्याची नोंद होती.

बुधवारी दुपारी जेवताना त्याने दस्तांतलं पापक्षालन, आपले आकडे आणि हा गायीचा किस्सा उत्तराला रंगवून सांगितला. संत्र्याच्या मुळांना होणाऱ्या रोगावर प्रबंध लिहिणारी उत्तरा सकाळपासून छपाईच्या खटपटीत होती.

“आणि ज्यांना गाय मिळाली नाही, त्या फुकटात हो म्हणाल्या?” तिने विचारलं.

“नोंद तशी आहे. खरंच विचारलं होतं की नाही, देव जाणे.”

उत्तराने प्रबंधाच्या गठ्ठ्यातून एक कागद काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. “प्रिंटरवर पडला होता.”

तो फ्रिस्कोच्या कंपनीचा फॉर्म होता. ‘जोडीदार सोबत येणार’ या ओळीपुढे ‘होय’ला खूण होती.

“हे कोणी भरलं? मठातल्या भिक्षूनं?” तिने विचारलं.

“अगं, फॉर्मॅलिटी आहे यार. परत जायचं तर सगळेच म्हणतात. माझ्या बरोबरचा अतुल सहा वर्षं म्हणत होता, आता फ्रिस्कोत घर बुक केलंय त्यानं.”

“व्हिसाच्या खिडकीशी ‘परत जाणार’ म्हणाले, तेव्हा मी खरं बोलले होते, परीक्षित.”

सवयीप्रमाणे त्याने मनात पुरावा तपासायला घेतला. नागपूरच्या संत्रा संशोधन केंद्रातली जागा तिने त्याला दोनदा सांगितली होती. चार वर्षांत तिने घरात सोफा येऊ दिला नव्हता. ती काटकसर असावी असं त्याने धरलं होतं. दिवाळीत तिने फ्लोरिडातलं संशोधनाचं काम नाकारलं, तेव्हा तिथला उकाडा सोसणार नाही असं कारण दिलं. नागपूरच्या मुलीने दिलेलं हे कारण परीक्षितने, चारशे मेलेल्या सरदारांची उलटतपासणी घेणाऱ्या परीक्षितने, मुकाट्याने मान्य केलं होतं.

“तू का जातोयस?” तिने विचारलं.

“चांगली संधी आहे. करिअरच्या दृष्टीनं...”

“हे पापक्षालन झालं. खरं सांग.”

त्याच्या बरोबरीच्या सात मराठी मुलांपैकी पाच जण फ्रिस्कोत होते. हा आकडा त्याला केव्हापासून पाठ होता, पण कुठल्या रकान्यात घालावा हे आजवर सुचलं नव्हतं.

“चार,” तो म्हणाला.

उत्तरा हसली नाही. तिने फोन त्याच्याकडे सरकवला.

कंपनीतल्या बाईंकडे त्याने दोन आठवड्यांची मुदत मागितली. त्यांनी कारण विचारलं.

“बायकोला विचारायचं राहिलंय,” तो म्हणाला.

पलीकडून कीबोर्डवर बोटं चालल्याचा आवाज आला. “हरकत नाही,” बाई म्हणाल्या, “कौटुंबिक कारण, असं नोंदवते.”

त्याने फोन ठेवला. “दोन आठवडे मिळाले. तू येशील का?”

“आता विचारलंस,” उत्तरा म्हणाली. “आता मी नाही म्हणते. पुढचं तू ठरव.”

फॉर्म शाईने भरलेला होता, खोडता येणार नव्हता. परीक्षितने त्याची घडी घातली आणि त्या ओळीपुढे तिचं उत्तर भरण्यासाठी कोरा फॉर्म छापायला उठला.