मोहनरावांचा चहा

मोहनरावांना चहाचं वावडं होतं असं काही नाही. इंदापूरच्या स्टँडवर ते गंगारामच्या शेजारी बाकड्यावर बसायचे, एका कटिंगमधला अर्धा चहा बशीत ओतून भुरके मारायचे आणि हॉटेलवाल्याला सांगायचे, "आमी एका वर्गात शिकलो, काय समजलास?" पण गंगारामच्या अंगणात पाऊल पडलं, की ह्या भल्या माणसाचं पोट भरलेलं असायचं. "नगं वैनी, आत्ताच झाला बघा." तीस वर्षं आत्ताच झाला. ह्यांच्या घरी चूल विझतच न्हाय वाटतं, असं गंगारामची बायको चतुराबाई म्हणायची.

घर बौद्धवस्तीतलं. वरकुट्याच्या पलीकडच्या त्या गावात ही गोष्ट कुणी तोंडानं बोलत नव्हतं. बोलायची गरजच काय? आत्ताच झाला म्हटलं की सगळं बोलून व्हायचं.

"मनानं चांगला हाय गं त्यो," गंगाराम म्हणायचा.

"मन चांगलं हाय, मग घशाला काय झालंय?"

तिला मोहनरावांची माफी नको होती आणि जयंतीच्या स्टेजवरचं त्यांचं भाषणही नको होतं. आपल्या हातचा चहा ह्या माणसानं आपल्या अंगणात बसून प्यावा, एवढंच तिला मरायच्या आत बघायचं होतं.

अशात मुलानं, रविंद्रनं, आनिका आणून सोडली. तो बारामतीला नोकरीला, राहायला जळोचीत. ओळखीच्या एका संस्थेतर्फे ही जर्मनीची पोरगी गावच्या शाळेत वर्षभर शिकवायला आली होती, आणि घरात कमोड आहे म्हणून राहायला इथं. गावानं तिची अनिता केली.

अनिताला गावात मिसळून जायचं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं नऊवारी मागितली. चतुराबाई स्वतः गाऊनवर होती. अनिता निघताना "जाते" न म्हणता "येते" म्हणायला शिकली. थोरांच्या पाया पडायचं असतं हे कळल्यावर ती पोस्टमनच्याही पाया पडली. जे सांगाल तो रिवाज, आणि रिवाज म्हटला की बाईसाहेबांचे डोळे चमकायचे. एवढं शिक्षण घेऊन सातासमुद्रापलीकडून यायचं ते हे करायला, असं चतुराबाईच्या मनात यायचं. पण पोरगी निर्मळ होती, त्यामुळे रागवायची सोय नव्हती.

गोरी आली आणि ज्यांना ही आळी ठाऊक नव्हती त्यांना रस्ता सापडला. मोहनराव तर रोज संध्याकाळी हजर. फोटो काढायचे, "आमच्या गावची पाव्हणी" म्हणून ग्रुपवर टाकायचे. एक दिवस अनितानं हौसेनं चहा केला आणि मोहनराव दोन कप प्याले. चतुराबाई आतून बघतच राहिली. गॅस तिचा, दूध तिच्या म्हशीचं, कप तिचे. फिरवणारा हात तेवढा गोरा.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः चहा केला आणि ट्रे अनिताच्या हाती दिला.

"वा पोरी, तुझ्या हाताला चव हाय," मोहनराव म्हणाले.

चतुराबाई गाऊनला हात पुसत दारात आली. "हात माझा हाय, मोहनराव. तिनं नुसता आणलाय."

मोहनरावांनी अर्धा कप खाली ठेवला. "जरा गार झाला वाटतं."

बिचारी अनिता. तिला वाटलं, खरंच गार झाला. तिनं कप उचलला, आत जाऊन तोच चहा गरम केला आणि परत आणून दिला. मोहनरावांनी एकदा कपाकडं पाहिलं, एकदा अनिताकडं, आणि प्याले की! तळापर्यंत प्याले. चतुराबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं केलेला चहा गोऱ्या हातानं विस्तवावर धरला की चोख झाला? आणि गंगाराम, हा दोस्त, खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत बसला होता.

मोहनराव गेल्यावर अनिता भांडी गोळा करायला लागली.

"ती कपबशी आत नगं," चतुराबाई म्हणाली. "भायेर वळचणीला ठेव. मोहनरावांची येगळी. चहा वरनं वतायचा, किटली टेकवायची न्हाय. पिऊन झालं की ज्याची त्यानं इसळायची."

"का, आई?"

"रिवाज हाय."

अनितानं मान डोलावली. गंगाराम मात्र कासावीस झाला. "अगं, हे बरं न्हाय."

"तुमच्या बापाची कपबशी त्येंच्या वळचणीला व्हती, तवा बरं व्हतं?"

गंगाराम उठून म्हशीला वैरण टाकायला गेला.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मोहनराव बारामतीच्या व्याह्यांना, आबासाहेबांना, गोरी दाखवायला घेऊन आले. अनितानं आबासाहेबांना आणि गंगारामला ट्रेमधले कप दिले. मग सगळ्यांच्या देखत वळचणीची कपबशी काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि मोहनरावांसमोर ठेवून हातभर वरून चहा ओतला.

"ही तुमची, तात्या," ती शिकलेल्या मराठीत ऐटीत म्हणाली. "ही आत चालत नाही."

आबासाहेब कपाकडं बघायला लागले. मोहनरावांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे कान लाल झाले. नको म्हणावं, तर का नको ते व्याह्यांसमोर सांगावं लागणार.

"घ्या की," चतुराबाई दारातून म्हणाली. "आजचा माझ्या हातचा हाय. गार व्हईल."

मोहनरावांनी कप उचलला. औषध घ्यावं तसे एकेक घोट करत सगळा चहा प्याले आणि रिकामा कप धरून बसले. अनितानं त्यांना हसून नळ दाखवला. ते उठले, कपबशी विसळली आणि टाचा उंचावून वळचणीला पालथी घातली.

चतुराबाईला वाटलं होतं, आपल्याला नंतर वाईट वाटेल. म्हातारा माणूस, चारचौघांत, तेही व्याह्यांपुढं. ती जेवायला बसेपर्यंत वाट बघत होती वाईट वाटायची. खोटं कशाला बोला, त्या दिवशी तिला एक भाकरी जास्तच गेली.