धुतलेल्या पायांची परात

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. काठाला एक पोचा, तळाला चुलीच्या काळाचा डाग आणि कडेवर कोरलेलं एक नाव. ते नाव माझं नाही. ते कुणाचं, हे सांगायलाच मी आज बोलते आहे.

नगरच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. लंकाबाईच्या लग्नात मी रुखवतात चमकले आणि तिच्याबरोबर बेलापूरजवळच्या एका वस्तीवर आले. तिथं माझं काम एकच, बाजरीचं पीठ. लंकाबाईचा नवरा पुंजाराम आमच्या चर्चचा पंच होता, वस्तीत त्याचा शब्द मोठा. त्यांना एकुलता एक मुलगा, करण. करणचं लग्न झालं, मोनिका सून म्हणून आली आणि माझ्यातल्या पिठात लंकाबाईच्या हातांच्या जागी मोनिकाचे हात आले. सुरुवातीला ते फार घाबरलेले असत. भाकरी तव्यावर टाकताना मोडली की लंकाबाई म्हणायची, "असू दे गं. पोटात गेल्यावर मोडतीच." मग दोघी हसायच्या. त्या घरातलं ते हसू मी फार जवळून ऐकलं आहे.

पुढे करणची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. त्यानंतर कितीतरी दिवस मला कुणी हात लावला नाही. शेजारपाजारचे डबे यायचे आणि तसेच परत जायचे.

मोनिका तरणी होती. माहेरच्यांनी राहात्याला तिचं दुसरं लग्न लावून दिलं. करणच्या आठवणीची प्रार्थना होती त्या दिवशी ती फुलं घेऊन आली, भर उन्हात, चालत. आमच्याकडे दारात कुणीही येवो, ओळखीचा असो वा नसो, आधी "पाय धुवा" म्हणतात. पुंजाराम तसं म्हणाला नाही. तो जमलेल्या लोकांकडं बघून म्हणाला, "यहूदा हाय ही. आमच्या ताटात जेवली अन् उठून गेली."

ज्या शिष्यानं प्रभूला शत्रूंच्या हाती दिलं, तो यहूदा. आमच्या वस्तीत याहून वाईट शिवी नाही.

लंकाबाई आत पाण्याचा तांब्या भरून उभी होती. तिनं तो तसाच माठावर झाकून ठेवला. मोनिका फुलं उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

पुंजारामनं मग माझ्या कडेवर करणचं नाव कोरून घेतलं आणि मला चर्चला देऊन टाकलं. मुलाची आठवण राहील, असं तो म्हणाला. खरं म्हणजे, जिच्या हातांचा वास मला लागला होता तिची आठवणच त्याला घरात नको होती.

चर्चमध्ये माझा मान वाढला. शेवटच्या जेवणाच्या वेळी प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब बारा पुरुषांचे पाय माझ्यात धुवायचे. आता गंमत ऐका. हे बाराही जण घरून पाय धुऊन यायचे! साबणानं घासून, नखं काढून. कुणी तर टाचांना तेलसुद्धा लावलेलं. एकदा एक जण उसाला पाणी देऊन चिखलाच्या पायांनी तसाच आला, तर त्याला सगळ्यांनी हापशावर पिटाळलं. "आधी धुऊन ये की! पाळकसाहेबांना पाय धुवायचेत." बाराव्या माणसापर्यंत माझ्यातल्या पाण्याचा तळ दिसत राहायचा. पुंजाराम दरवर्षी पहिल्या खुर्चीवर असायचा.

बाकी वर्षभर मी मागच्या खोलीत, मेणबत्त्यांची थोटकं सांभाळत.

मला चिंच आणि राख लावून उजळायचं काम लंकाबाईचं. एका वर्षी ती पायरीवर बसून मला घासत होती. नवे पाळकसाहेब, वयानं तरुण, सावेडीहून स्कूटरवर आले. लंकाबाई म्हणाली, "साहेब, एक इचारते. प्रभूनं पाय धुतले तवा यहूदा कुठं हुता?"

"तिथंच होता, आई. नंतर उठून गेला."

"म्हंजी त्याचे बी धुतले?"

"धुतले."

"ठावं असून?"

"सगळं माहीत असून."

माझ्या काठावरचा तिचा हात थांबला. "ल्हानपणापासून ऐकते ही गोष्ट," ती म्हणाली, "पर त्याचे पाय मी कधी मोजलेच न्हाईत. मग आमच्या बारांत तो का न्हाई बसत?"

पाळकसाहेब हसता हसता थांबले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"अन् आमच्या पोरीनं तर कुणाला धरून बी दिलं न्हाई," लंकाबाई अगदी हळू म्हणाली. "नुसती जगली ती."

पुनरुत्थानाचा रविवार, ईस्टर, झाला आणि लंकाबाईनं मला मागून घेतलं. नवऱ्याला काही न सांगता, मला काखेत धरून ती गाडीत चढली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, भाकरी गाडीतच थापता का काय?"

"थापीन की, तू जेवणार असशील तर."

श्रीरामपूरला गाडी बदलून आम्ही राहात्याला पोचलो. मोनिकानं दार उघडलं. तिनं सासूकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या कडेवरच्या नावाकडं. त्या नावावरून तिनं बोट फिरवलं. "ही कशाला आणली, आई?"

लंकाबाई खाली फरशीवर बसली. "पाय पुढं कर."

"येडं लागलं का तुमाला? सासूनं सुनेचे पाय धुवायचे? मला पाप लागंल."

"पाप मला लागलंय. त्या दिवशी तांब्या माझ्या हातात हुता, मोना. भरलेला."

मोनिकानं मला हातानं जरा बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "पाणी कुणाला पायजे हुतं? नुसतं 'ये' म्हणायचं हुतं." आणि तिनं पाय साडीखाली ओढून घेतले. "आता नको, आई. माझ्यानं व्हायचं न्हाई."

तिनं चहा केला. त्यात साखर जास्त घातली होती, लंकाबाईला लागते तशी. लंकाबाईनं तो चहा थेंबही न ठेवता प्यायला. मी कोरडीच परत आले.

त्यानंतर मी चर्चला गेले नाही. लंकाबाईनं मला आपल्या दारात, सावलीला ठेवलं आणि शेजारी भरलेला तांब्या. चर्चनं एक गुलाबी प्लॅस्टिकचा टब घेतला. माझ्यात आता ऊसतोडीच्या बाया पाय धुवायच्या, भंगारवाला धुवायचा, वाट चुकलेला कुणी धुवायचा. वाकून पाणी लंकाबाईच घालायची. पुंजाराम ओरडायचा, "दारात धर्मशाळा मांडलीस का?" ती म्हणायची, "मांडली." माझ्यातल्या पाण्याचा तळ आता दिसत नसे. माझी चकाकी गेली. पण प्रत्येक पावलाची चाहूल लागली की ती आधी रस्त्याकडं बघायची. ती कुणाची वाट बघते, ते मला ठाऊक होतं. पुंजारामलाही ठाऊक असावं.

वैशाखात एका सकाळी लंकाबाई अंथरुणातून उठलीच नाही.

दुपारी मोनिका आली. एका चपलेचा अंगठा तुटलेला, तशीच स्टँडपासून धावत आलेली, पाय धुळीनं पांढरे झालेले. बाया लंकाबाईला शेवटची आंघोळ घालायच्या तयारीत होत्या. मोनिकानं दारातून मला उचललं, आत नेलं आणि सासूचे पाय माझ्यात ठेवले. भेगाळलेल्या टाचा, चिखल्यांनी खाल्लेली बोटं. पीठ मळताना मोनिकाचे हात जसे फिरायचे, तसेच त्या पायांवरून फिरत राहिले.

"मी पाय पुढं करायला पायजे हुते, आई," ती म्हणत होती. "धुवू द्यायचे हुते मी तुमाला."

पुंजाराम बाजेवरून उठला. बाया बाजूला सरकल्या. त्यानं माठातून तांब्या काठोकाठ भरून घेतला, त्या दिवशीचा तोच तांब्या, आणि मोनिकाजवळ येऊन उभा राहिला. वाकताना अर्धं पाणी जमिनीवरच सांडलं.

"पाय धू, पोरी," तो म्हणाला. "उन्हातनं आलीस."

मित्रांनो, पितळ चिंचेनं उजळतं, ते काम सोपं आहे. मला उजळून मागच्या खोलीत ठेवू नका. दारात ठेवा, मळू द्या. आणि हातातला तांब्या भरलेला असेल, तर तो माठावर परत झाकू नका. लंकाबाईचे पाय माझ्यात आले तेव्हा ते गार होते. पाण्याला ते कळलं नसेल. मला कळलं.