शुभदाचा चष्मा कशात ठेवायचा

शुभदाचं तेरावं झालं आणि घरातले डबे आपापली लेबलं पाळू लागले. लेबलं विद्याधरनेच लावलेली. तो प्रोग्रामर. यादी करताना ती कशाची हे आधी लिहायचं, मग तिच्यात भलतं काही शिरत नाही, हे त्याने बावीस वर्षं केलं होतं. आता 'डाळ' लिहिलेला डबा तांदूळ ओकून टाकी. 'बटणं'मधली सुई उडून त्याच्या कपाळाला लागली. आणि जे कुठल्याच डब्यात नसेल ते दिवेलागणीपर्यंत नाहीसं होई. सोमवारी पायपुसणं गेलं, मंगळवारी कॅलेंडर.

आज टेबलावर शुभदाचा चष्मा होता आणि पाच वाजून गेले होते.

"औषधांच्या डब्यात टाका ना, भाऊजी," मेहुणी अनघा म्हणाली.

"टाकला. पायावर फेकला त्याने."

"एवढं शिकून काय केलंत मग?"

त्याने चिडून रिकामा डबा ओढला आणि त्यावर 'वस्तू' लिहिलं. वस्तूत सगळंच आलं. चष्मा मुकाट आत गेला. बाहेर काढला तेव्हा तळहातावर नुसती वस्तू होती. काड्या नाहीत, काचा नाहीत.

"अहो, ताईचा चष्मा आहे तो."

"मला काय सांगतेस? त्याला सांग."

"चष्मा आहेस तू," अनघा वस्तूला म्हणाली. काड्या फुटल्या, काचा आल्या. पण शुभदाने डाव्या काडीला गुंडाळलेला दोरा नव्हता. दुकानातला कुणाचाही चष्मा.

"ताईचा आहेस." दोरा आला.

"रोज हे सांगत बसायचं? एखाद्या दिवशी विसरलो तर?" विद्याधर करवादला. त्याने दुसऱ्या डब्यावर 'शुभदा' लिहिलं.

"माणसाच्या नावाचा प्रकार असतो?"

"आता आहे."

चष्मा आत गेला आणि दोऱ्यासकट बाहेर आला. त्याने तो परत ठेवला. मग कंगवा गेला, शाल गेली. अनघाचा रुमाल डब्याने फेकून दिला. विद्याधरचा सदरा मात्र घेतला. त्याचा कपही घेतला.

"कप तर तुमचा."

"माहीत आहे मला."

अनघाने पर्स उचलली. "निघते. माझा डबा घरी आहे. तुम्ही कशात आहात, भाऊजी?"

बाहेर दिवे लागत होते. कप काढायला त्याने डब्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. तळ लागला नाही. डब्याने काही फेकलंही नाही.