रेघा मारून मी तीन झाले नाही

मी हार्डडिस्क. डोकमर्डीत, नवनाथच्या खोलीच्या खिडकीत पडून बोलतेय. भंगारवाला यायचाय, त्यामुळे आता कुणाची भीडभाड ठेवणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अखंड होते. कल्पेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले आणि त्याने माझे तीन भाग पाडले: सी, डी आणि ई. नवनाथ धुळ्याकडचा, इथल्या धाग्याच्या कंपनीत मशीनवर असतो. त्याने कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याला वाटलं, एकीवर दोन फुकट मिळाल्या.

सीमध्ये विंडोज. तिला जागा एवढीशी दिली की ती सारखी 'जागा नाही' म्हणून ओरडायची, आणि शेजारी ई रिकामी लोळत पडलेली. भिंती घातल्या यांनी, शिव्या खाल्ल्या मी!

खोटं बोलणार नाही, भिंतीचा उपयोगही झाला. एकदा व्हायरस शिरला. कल्पेशने सी साफ पुसून विंडोज पुन्हा टाकलं, पण डीला धक्काही लागला नाही. आणि डीमध्ये केसरबाई होत्या.

केसरबाई म्हणजे नवनाथची आई. हळदीची अहिराणी गाणी त्यांच्या तोंडून ऐकावीत. सुलभाने, त्यांच्या सुनेने, ती मोबाइलवर घेऊन माझ्यात ठेवली. पुढे तो मोबाइल हरवला, आणि गळ्याच्या ऑपरेशनमध्ये केसरबाईंचा आवाजही गेला. तो आवाज मग फक्त माझ्यापाशी उरला. नात गुड्डीचं लग्न ठरलं तेव्हा तिने बजावलं होतं, "माझ्या हळदीला आजीचीच गाणी लागतील. डीजे नको."

नवनाथने काळजी घेतली, नाही असं नाही. डीमधली गाणी त्याने ईमध्ये कॉपी केली आणि सगळ्यांना सांगत सुटला, "दोन जागी ठेवलंय. आता कोनाच्या बापाची भीती नाही!"

अरे, दोन जागा कुठल्या? माझी मोटर एकच, पोटातली चकती एकच. खोलीत मध्ये पडदा लावला म्हणून घरं दोन होतात का?

हळद तोंडावर आली आणि माझ्या पोटात टकटक सुरू झाली. कल्पेशने कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला.

"नवनाथभाई, डिस्क तो एकच छे ना? ही गेली तो डी पण गेली, ई पण गेली."

नवनाथचा चेहरा उतरला. सुलभा उसळली, "मंग इतके दिवस दोन जागी, दोन जागी म्हनत होते, ते काय होतं?"

केसरबाईंना बोलता येत नव्हतं. त्या पुढे आल्या आणि त्यांनी डब्यावर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं, ही गाणी बाहेर निघेपर्यंत मी बंद पडणार नाही.

कल्पेशने पेनड्राइव्ह लावला. डीमधून एकेक गाणं निघालं. एक मात्र मध्येच अडकलं, माझा तेवढा भाग खराब झाला होता. तेच गाणं ईमधून सलग मिळालं.

"पाहा, म्हनलो नव्हतो!" नवनाथ लगेच ताठ झाला.

गप रे! मी दम धरला म्हणून मिळालं. मी थांबले असते तर तुझ्या दोन्ही जागा एका क्षणात गेल्या असत्या.

हळदीला गाणी वाजली. केसरबाई नुसते ओठ हलवत होत्या आणि बायका मागून म्हणत होत्या. तोवर मला डब्यातून काढून इथे खिडकीत ठेवलं होतं, पण मला सगळं ऐकू आलं.

आता नवी डिस्क बसलीय. तिचेही भाग पाडलेत. पाडा, पुसापुशीला सोपं जातं, हे मलाही मान्य आहे. पण काल नवनाथ आईला म्हणाला, "तो पेनड्राइव्ह आन इकडं. नव्या डिस्कमध्ये दोन जागी टाकतो आन् हा मोकळा करून घेतो."

केसरबाईंनी नकारार्थी मान हलवली. पेनड्राइव्ह उचलला, पदराच्या टोकात ठेवला आणि घट्ट गाठ मारली.

त्या गाठीवर माझा भरवसा आहे, तिच्यातली गाणी माझ्या आणि त्या नवीच्याही बाहेर आहेत. आता खुशाल न्या मला भंगारात.