पाच मिनिटे न मिळालेला कान

मी एक जुना हायड्रोफोन आहे, मित्रांनो. म्हणजे पाण्याखालचा कान. माझ्या काचेच्या पेटीवर पाटी आहे : ‘बिघाडामुळे निवृत्त’. ती खोटी आहे. सत्तेचाळीस वर्षे या खोट्या ठपक्यामुळे माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आहे.

सिडनीच्या बंदरात, नौदलासाठी काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ग्वेन हार्डविकने मला घडवले. तेलात बुडवलेली एक कडी, वर काळे रबर, एवढाच मी. मला पाण्यात सोडण्याआधी ती दर वेळी ठरलेला आवाज ऐकवून माझी परीक्षा घेई. मी बरोबर उत्तर दिले, की म्हणे, “शाबास, लांबकान्या!” मी एकदाही चुकलो नाही.

आमच्या बंदराच्या तळाशी एक चिमुकली कोळंबी राहते. ती नांगी मिटते तेव्हा चुटकी वाजते. अशा लाखो चुटक्यांनी पाणी सतत तडतडत असते, फोडणीतल्या मोहरीसारखे. त्यामुळे प्रयोगशाळेत सर्वांना एक खोड जडली होती. नको तो आवाज आला, की म्हणायचे, “कोळंबी असेल!”

एका पाणबुडीसाठी, पाण्यात फिरून तिला पुढे ढकलणारा नवा पंखा तयार झाला. तो आवाज न करता फिरायला हवा होता. शत्रूला चाहूल लागली असती, तर आतली साठ माणसे हकनाक गेली असती. त्यांच्यात ग्वेनचा धाकटा भाऊ क्लिफ होता, तिथला स्वयंपाकी.

चाचणीच्या शुक्रवारी मोठे अधिकारी आले होते. धक्क्यावर त्यांच्यासाठी सॉसेज भाजत होते. पंखा फिरला आणि मला एक बारीक, सरळ शिट्टी ऐकू आली. मी ती जशीच्या तशी कागदावर उमटवली.

“कोळंबी आहे गं ती,” प्रयोगशाळेचा प्रमुख डेस फर्लो म्हणाला.

“डेस, कोळंबी शिट्टी कधीपासून वाजवायला लागली? आणि तू पंखा थांबवलास की हीसुद्धा थांबते. कोळंबी काय तुझ्या हुकमात आहे?”

“मग तुझं यंत्र बिघडलंय.”

“घे ना परीक्षा त्याची, माझ्यासमोर! पाच मिनिटं लागतील.”

“पाहुणे वाट बघतायत. पाच मिनिटं नाहीयेत, बाई.”

त्याने स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात ‘बिघडलेला’ अशी चिठ्ठी बांधली आणि सॉसेज खायला गेला. ग्वेनने अहवालावर सही केली नाही, म्हणून तिला कोठारात धाडले. मला फळीवर टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

दोन वर्षांनी समुद्रातल्या सरावात त्याच शिट्टीवरून ती पाणबुडी तीनदा सापडली. नशीब, की तो सराव होता! पंखा गुपचूप बदलला. दोष शोधल्याबद्दल पदक कोणाला मिळाले? डेसला! माझी चिठ्ठी मात्र कोणी काढली नाही. पुढे तिचीच पाटी झाली.

आज प्रयोगशाळा लोकांसाठी खुली आहे. काठी टेकत ग्वेन आली, सोबत म्हातारा क्लिफ. तिने पाटी वाचली. तिथल्या तरुण अधिकाऱ्याला तिने विचारले, “पाच मिनिटं आहेत का रे तुझ्याकडे?”

तो भला माणूस होता. त्याने पेटी उघडली, मला तारा जोडल्या, बादलीतल्या पाण्यात सोडले. ठरलेला आवाज झाला. माझे रबर तडकले आहे, मित्रांनो, पण उत्तर बरोबर आले.

“आजी, हा तर ठणठणीत आहे!” तो म्हणाला. “पण नवी पाटी मंजूर व्हायला सहा महिने लागतील.”

मित्रांनो, ऐकलेले खरे नकोसे वाटले, म्हणून ऐकणाऱ्याला बिघडलेला ठरवू नका. आधी त्याला पाच मिनिटे द्या. एवढेच माझे मागणे आहे, आणि ते मी हात जोडून नाही, रागावून मागतो आहे.

ग्वेनने मात्र काही मागितले नाही. तिने ती पाटी उपटून पिशवीत टाकली आणि म्हणाली, “क्लिफ, खुर्ची आण. नवी येईपर्यंत लोकांना मीच सांगते.”