परातीतले किडे

"सुनंदा, हात जोडायचे तर जोड. पण आधी डोळे उघडून बघ."

नवऱ्याचं, बन्सीलालनानांचं हे सांगणं ते गेल्यावरही सुनंदाबाईंच्या कानात होतं. शिबिराच्या मांडवात हात जोडून बसलेलं गाव बघून ते आज पुन्हा ऐकू आलं.

यावलजवळच्या या गावात जळगावच्या एका सेवा क्लबनं तोंड तपासणीचं शिबिर भरवलं होतं. क्लबचं काम चांगलं. बसथांब्यावर बाकं, मोतीबिंदूची ऑपरेशनं, म्हाताऱ्यांना मोफत कवळ्या. पण तपासणीला माणसं येईनात, म्हणून अध्यक्ष प्रेमराजभाऊंनी उद्घाटनाला दाढेतले किडे काढणाऱ्या दंतमहाराजांना बोलावलं. महाराजांनी समई लावली आणि क्लबच्या बॅनरखालीच बैठक मारली. आता डॉक्टर चारुलताच्या टेबलापुढं दोन माणसं होती आणि महाराजांपुढं सारं गाव.

"हा किडा आधी दाढ खातो, मग कान, मग मेंदूत जाऊन संसार थाटतो," महाराज सांगत होते. "फोनवर खरखर येते ना? कंपनीला शिव्या देऊ नका. आत किडा बोलतो."

समोर पाण्याची परात होती. तिच्या मधोमध विटेवर तापलेली खापरी. महाराज खापरीवर चिमूटभर बी टाकायचे, वर मडकं पालथं घालायचे आणि मडक्याच्या भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोवायचे. रोग्यानं देठ तोंडात धरून धूर घ्यायचा, म्हणजे किडे देठातून खाली उतरतात म्हणे. मडकं उचललं की पाण्यात बारीक पांढरे किडे तरंगताना दिसत.

रांगेत भिकुबाई होती, सुनंदाबाईंची शेजारीण. सुनंदाबाईंची मुलं पुण्यात, भिकुबाईचा मुलगा सुरतेला. रोज संध्याकाळी दिव्याच्या वेळी भिकुबाई यायची. दिवसभरात सुनंदाबाईंशी बोलणारं तेवढं एकच माणूस. तिच्या गालात आतून पांढरा चट्टा पडला होता, जिथं ती तंबाखूची गोळी धरायची तिथंच. सकाळी चारुलतानं तो पाहून सांगितलं होतं, "आजी, जळगावला जाऊन या चट्ट्याचा तुकडा काढून तपासून घ्या. उशीर नको."

"महाराज म्हणे तीन खेपात सारे किडे काढतो," भिकुबाई म्हणाली. "मग कायले जाऊ जळगावले?"

सुनंदाबाई उठल्या आणि रांगेच्या पुढं जाऊन बसल्या. "महाराज, आधी माझी दाढ बघा."

महाराजांनी त्यांच्या गालावर बोट टेकवलं. "डावी, खालची. आतून पोखरलीय माय."

धूर झाला. मडकं उचललं. किडे तरंगत होते.

"बघा, एका दाढेत केवढं गोकुळ."

सुनंदाबाईंनी पदर तोंडापुढं घेतला. दात गेल्यापासून त्या दार लावून जेवत. क्लबनं त्यांना कवळी दिल्याचं गावात भिकुबाईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ती काढली, पदर खाली केला आणि कवळी महाराजांपुढं धरली. गाल आत गेले होते. मागं कुणीतरी हसलं.

"मला एकही दात नाही, महाराज," त्या हळूच म्हणाल्या. शब्द फुसफुसत होते. "मग हे कोणाचे?"

"हिरड्यात लपतात ते," महाराज म्हणाले.

तोवर चारुलता येऊन उभी राहिली होती. "मग आता देठाला कुणीच तोंड लावायचं नाही."

तिनं महाराजांच्याच पिशवीतलं बी खापरीवर टाकलं आणि मडकं पालथं घातलं. मडकं उचललं तर पाण्यात पुन्हा किडे.

"हे रिंगणीचं, त्या काटेरी रानझुडपाचं बी आहे. तापलं की फुटतं, आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. पाणी हललं की तो वळवळल्यासारखा दिसतो. दातात किडा नसतोच."

"माझा नाही, हा मडक्याचा दोष..." म्हणत महाराज पिशवी आवरू लागले. प्रेमराजभाऊ मान खाली घालून बॅनरची दोरी सोडायला लागले.

"राहू द्या, भाऊ," चारुलता म्हणाली. "गर्दी जमलीय. तपासणी राहिलीय."

भिकुबाई मात्र मांडवाबाहेर गेली होती. सुनंदाबाईंनी तिला चिंचेखाली गाठलं.

"बरं केलं वो," भिकुबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "किडा असता तं निघून गेला असता. आता मह्या तोंडात काय निघंल?"

"माहीत नाही. पण जे नाहीच ते काढत बसलीस तर जे आहे ते वाढेल. मी रोज देवापुढं दिवा लावते, भिकु. विचारलं म्हणून देव रागावलेला मी पाहिला नाही. खरं काय ते विचारावं, तपासावं. त्यात पाप कसलं?"

"पोरगा फोन उचलत नाही. एकटी कशी जाऊ?"

"मी येते. उद्या, पहिल्या बसनं."

भिकुबाई घराकडं वळली. त्या संध्याकाळी ती दिव्याला आली नाही. सुनंदाबाईंनी स्तोत्र म्हटलं, तेव्हा घरात दुसरा आवाज नव्हता.

पहाटे त्यांनी पूजा उरकली. डब्यात मऊ भात भरला, भिकुबाईला चावता येत नव्हतं म्हणून. भिकुबाई दार उघडेल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. केळीच्या बागेकडून गार वारा येत होता. त्यांनी आपलं दार ओढून घेतलं आणि तिच्या घराच्या वाटेला लागल्या.